साळूची मोकळी बिळं

करवंदीच्या जाळ्यांनी भरलेल्या एका जंगलात एक साळू राहत होती. बीळ खोदण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. येईल त्याला ती खोदायची रीत मन लावून शिकवी. पुढे ज्याने त्याने आपल्या बिळात हवा तो बदल करावा, तिची ना नसे. पण शिकायला येणारे थोडेच. बाकीचे प्राणी रानडुकराच्या तयार बिळांत राहत. ती बिळं आयती मिळत. मात्र आतल्या वाटा रानडुक्कर कुणाला सांगत नसे, आणि कुणी एक खडा जरी हलवला तरी त्याला बाहेर काढी.

साळूच्या मित्राला, मुंगसाला, हे फार खुपत असे. सगळं जंगल आपल्याकडे आलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. "शिकायचा सगळ्यांना कंटाळा येतो," तो एकदा म्हणाला. "तूही आयती बिळं दे आणि रीत सांगणं सोड. मग बघ कशी रांग लागते." साळूला ते पुरतं पटलं नाही, पण मोह पडला. तिने एका सशाला बीळ खोदून दिलं. शिकवलं मात्र काहीच नाही.

थोड्याच दिवसांत टेकडीची माती खचली आणि सगळ्या बिळांची तोंडं बुजली. रानडुक्कर तर कंद शोधत दूरच्या खोऱ्यात गेलेला. साळू माती उकरून बाहेर आली आणि तिला सशाची आठवण झाली. धावत जाऊन पाहते, तर ससा पिल्लांसह केव्हाच बाहेर पडला होता आणि रानडुकराच्या बिळांत अडकलेल्यांना काढत होता.

"तुला हे कुणी शिकवलं?" तिने विचारलं.

"शेजारच्या उंदराने," ससा म्हणाला. "तू त्याला शिकवलंस, त्याने मला."

साळूही त्याच्या जोडीने माती उकरू लागली.

संध्याकाळपर्यंत सगळे सुखरूप निघाले. त्यांतले काही साळूकडे शिकायला आले, काही रानडुकराची वाट बघत बसले. मुंगूस हिरमुसला. साळूने मात्र रीत आणखी सोपी करायला घेतली. "येणाऱ्याला जड जाऊ नये, एवढं मी बघेन," ती त्याला म्हणाली. "पण आलेल्यापासून काही लपवणार नाही."

तात्पर्य : चांगली गोष्ट दूरवर पोहोचावी असं वाटणं योग्यच, पण संख्या वाढवण्यासाठी तिचा मोकळेपणाच सोडला, तर पोहोचवण्यासारखं काही उरत नाही.