पाच गाठींचा पंचा

एका गावात एक भोळा पोरगा होता, आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून एक काकू राहत होती. पोरगा भोळा आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. काकू शहाणी आहे हे फक्त काकूला माहीत होतं.

पोराचं नाव भागवत. काकूचं नाव अनुसया. काकू सातवीपर्यंत शिकलेली होती, त्यामुळे कुठल्याही सरकारी कागदाचा अर्थ ती कागद न वाचता सांगायची.

एकदा काकू ज्वारी दळायला गिरणीत गेली. तिथं कोतवाल गिरणीवाल्याला सांगत होता, "गयाबाईच्या भागवतला सरकारात घेतलं बरं का. बेकार पोरांची योजना आहे, झाडं लावायची. आणि कायम..."

तेवढ्यात गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. गिरणी धडधडायला लागली. कोतवालाचं तोंड हलत राहिलं, पण ऐकू काही येईना.

काकू थांबली असती तर गिरणीही कधीतरी थांबली असती. पण हातातलं पीठ गरम होतं आणि पोटातली बातमी त्याहून गरम. उरलेलं वाक्य काकूनं वाटेत स्वतःच पुरं केलं. ती घरी पोचली तेव्हा भागवत सरकारात कायम झाला होता. दिवेलागणीपर्यंत त्याला पेन्शनसुद्धा लागू झाली.

काम होतं गावामागच्या उजाड टेकडीवर. खड्डे खणायचे, रोपं लावायची, जगवायची. मिळणाऱ्या पैशांत माय-लेकांचं पीठमीठ भागलं असतं, तेलाचं ज्याचं त्यानं बघायचं. देखरेखीला टेकाळे साहेब होते. ते मोटारसायकलवरून खाली न उतरता देखरेख करायचे.

पहिल्या दिवशी पन्नास रोपं आली, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. टेकाळे म्हणाले, "एका खड्ड्यात एक ठेव आणि माती लोट." भागवतनं ठेवलं आणि माती लोटली. पिशवीसकट.

संध्याकाळी तो भिंतीपाशी येऊन उभा राहिला, तोंड पाडून.

"साहेब बोलले," तो म्हणाला.

"बोलणारच. पिशवीत मूळ कुठं जाईल रे?" काकू म्हणाली. "एक लक्षात ठेव. पिशवी आली की आधी ती फाडायची, आतलं काढायचं, मग खड्ड्यात. याची खूणगाठ बांधून ठेव."

"बरं काकू," भागवत म्हणाला. त्यानं खांद्यावरचा पंचा घेतला आणि त्याच्या एका टोकाला गाठ बांधली.

दुसऱ्या दिवशी योजनेच्या नावाच्या फलकासाठी सिमेंट आलं, सहा पिशव्या. टेकाळे म्हणाले, "उतरवून ठेव, मी आलोच." भागवतनं गाठ चाचपली. सहा पिशव्या फाडल्या, आतलं काढलं, सहा खड्ड्यांत घातलं. दुपारी एक सर येऊन गेली. संध्याकाळी टेकडीवरचे सहा खड्डे असे पक्के झाले होते की गावच्या रस्त्यानं येऊन बघून जावं.

"साहेब बोलले," भागवत भिंतीपाशी म्हणाला.

"अरे देवा. ट्रकमधून आलेला माल असा उघडतात का? आहे तसा ठेवायचा, वर ताडपत्री टाकायची, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. बांध खूणगाठ."

"बरं काकू." दुसरी गाठ.

चार दिवसांनी ट्रक आला. तीनशे रोपं. भागवतनं ती आहेत तशी रचली, ताडपत्री टाकली, कडांना दगड ठेवले आणि तीन दिवस पाण्याचा थेंब लागू दिला नाही. चौथ्या दिवशी टेकाळेंनी ताडपत्री उचलली. खाली रोपांनी माना टाकल्या होत्या. टेकाळेंनीही टाकली.

काकू त्या संध्याकाळी चिडली. तिला वाटलं, आपण एवढं समजावतो आणि हा असा. ती म्हणाली, "नवीन आलेल्याला ऊन दाखवावं, बाबा. सकाळ-संध्याकाळ पायाशी भरपूर पाणी ओतावं. मग ते टवटवीत होतं. एवढंही कळू नये?"

"बरं काकू." तिसरी गाठ.

रोपं मात्र चिवट निघाली. पाणी मिळाल्यावर बहुतेक सगळी सावरली आणि टेकडीवर लागली.

आता काकूची बातमी एव्हाना ओढा ओलांडून तांबेवाडीला पोचली होती. तिथल्या रखमाजीला लग्नाची मुलगी होती, चंद्रकला. रखमाजीच्या घरी चाळीस शेळ्या होत्या आणि त्याच्या हनुवटीवर बोकडासारखी पांढरी दाढी होती. जावई सरकारातला, तोही कायम, म्हटल्यावर तो नवा सदरा घालून भागवतच्या घरी आला.

गयाबाई हरखली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. सुनेचं तोंड दिसावं, आवाजावरून ओळखायची वेळ येऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं. तिनं घोंगडी ओसरीवर सावलीत अंथरली. भागवतनं ती उचलून अंगणात भर उन्हात टाकली.

"बसा मामा. ऊन लागू द्या."

रखमाजी बसला. भागवतनं घागर आणली आणि त्याच्या पायांवर ओतली. रखमाजी खूश झाला. "वा. पाहुण्याचे पाय धुण्याची रीत राहिलीय कुठं आजकाल."

दोन तासांनी, घामानं निथळत, वहाणा चढवून तो निघाला, तर भागवतनं दुसरी घागर ओतली.

"ही कशाला?"

"संध्याकाळची," भागवत म्हणाला.

काकूनं पाहुण्याला घाईनं फाटकापर्यंत पोचवलं. रखमाजी वहाणा झटकत म्हणाला, "पोरगा साधा आहे, चालेल. पण एक आहे. तुमच्या योजनेच्या मोठ्या मॅडम टेकडी बघायला येणार आहेत ना, त्या दिवशी मी येतो. पोरगा कायम आहे एवढं त्यांच्या तोंडून ऐकलं की सुपारी फोडू."

"ऐका की. खुशाल ऐका," काकू म्हणाली.

आणि मागं वळून भागवतला म्हणाली, "पाहुणा असा वाळत घालतात का रे? आलेल्याला आग्रह करकरून पोटभर खाऊ घालावं. नको म्हणाला तरी वाढावं. आणि जाताना रिकाम्या हाती पाठवू नये."

"बरं काकू." चौथी गाठ.

दुसऱ्या दिवशी काकूनं टेकाळेंना रस्त्यात गाठलं. "साहेब, आमच्या भागवतला कायम केल्याचा कागद कधी येणार?"

टेकाळे हसले. "कायम? सहा महिन्यांचं काम आहे, काकू. मॅडम येऊन बघतील. रोपं जगलेली दिसली तर आणखी सहा महिने. नाहीतर पोरगा परत तुमच्या भिंतीपाशी."

काकूला गिरणी आठवली. कोतवालाचं हलणारं तोंड आठवलं. हे रखमाजीला जाऊन सांगायला हवं, असं तिला वाटलं. मग वाटलं, रोपं जगतीलच की. वाढवून मिळालं तर सहा महिन्यांचं कायम करायला मॅडमना कितीसा वेळ लागणार? काकू पांघरूण घालायची, आणि त्याला ती धीर धरणं म्हणायची.

पुढच्या आठवड्यात एक दिवस टेकडीवर पाहुणे आले. ओढ्याच्या बाजूनं आले, चाळीस जण. भागवतनं त्यांना आधी नीट निरखलं, मग गाठ चाचपली. कुंपणाचं फाटक उघडून म्हणाला, "या, बसा."

ते बसले नाहीत, पण जेवायला लगेच लागले. एका रांगेतलं संपलं की भागवत त्यांना दुसऱ्या रांगेकडे नेई. एकानं तोंड फिरवलं तर त्याच्या तोंडाशी फांदी धरून म्हणे, "घ्या हो, एवढं तरी." पाहुणे संध्याकाळी तृप्त होऊन गेले. जाताना प्रत्येकाच्या तोंडात एकेक काडी होती. रिकामा कुणीच गेला नाही.

टेकाळे आले तेव्हा टेकडी होती तशी झाली होती. ती सरकारच्या आधी होती तशी.

या वेळी ते मोटारसायकलवरून उतरले. भागवतच्या पंच्याचं मोकळं टोक हातात धरून म्हणाले, "इथून पुढं या फाटकातून कुणालाही आत घ्यायचं नाही. पाऊल टाकू द्यायचं नाही. काठी घ्यायची आणि हाकलायचं. मग तो कुणाचा का बाप असेना. समजलं?"

"हो साहेब." पाचवी गाठ. पंचा आता खांद्यावर राहीना, म्हणून त्यानं तो गळ्यात अडकवला.

मॅडम दोन दिवसांवर आल्या होत्या. आदल्या संध्याकाळी टेकाळेंनी देवळामागच्या कडुलिंबाच्या गाडीभर डहाळ्या तोडून आणल्या आणि खड्ड्याखड्ड्यात खोचल्या. फक्त सहा खड्डे राहिले. त्यांत काही खोचलं जाईना.

मॅडम आल्या. मागं रखमाजी आला, नव्या सदऱ्यात. त्याच्या मागं काकू, गयाबाईचा हात धरून. काकूनं चेहरा पेन्शनीचाच ठेवला होता.

फाटकात भागवत उभा. हातात काठी.

"आत पाऊल टाकायचं नाही," तो म्हणाला.

"अरे, मोठ्या मॅडम आहेत," टेकाळे म्हणाले.

"कुणाचा का बाप असेना."

"मी तरी येऊ का?" रखमाजीनं विचारलं.

"तुम्ही तर बापच आहात, मामा. नाही."

टेकाळे रागवायला गेले आणि मध्येच थांबले. फाटकातून टेकडी छान हिरवी दिसत होती. आत न गेलेलंच बरं होतं. मॅडमनी कपाळावर हात धरून लांबवर पाहिलं आणि त्या हसल्या. "असा राखणदार मी कुठं पाहिला नाही. रोपं जगली ती यामुळंच. वाढवून देऊ याला." आणि त्या परत निघाल्या.

काकूनं गयाबाईचा हात दाबला. रखमाजीनं खिशातल्या सुपारीवर हात ठेवला. आणखी दहा पावलं मॅडम चालल्या असत्या, तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पण भागवत गाठी चाचपत होता. पाचवी झाली. बोट चौथीवर आलं. पाहुणीबाई रिकाम्या हाती चालली होती.

"थांबा मॅडम," तो ओरडला. धावत आत गेला, एक रोप उपटलं आणि आणून त्यांच्या हातात दिलं.

मॅडमनी ते उलटसुलट करून पाहिलं. "याला मूळ कुठं आहे?"

"मूळ देवळामागं आहे. टेकाळे साहेबांनी काल संध्याकाळी हे तिथून तोडलं."

"आणि आम्ही पाठवलेली तीनशे?"

"ती पाहुणे जेवले. नको म्हणत होते, मीच आग्रह केला."

"कोण पाहुणे?"

"तांबेवाडीकडचे. चाळीस होते. सोयऱ्यांकडचेच असणार, दाढी अगदी मामांसारखी."

रखमाजीला एकदम खोकला आला. आपल्या शेळ्या दोन-तीन दिवस दूध जास्त का देतायत, हे त्याला आत्ता कळलं.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. मग वहीत लिहिता लिहिता म्हणाल्या, "तीनशे रोपं पुन्हा पाठवते. पाणी टेकाळे घालतील, स्वतःच्या हातानं. हा पोरगा सहा महिने राहू दे. मला खरं सांगणारा कुणीतरी हवा."

"म्हणजे कायम नाही?" रखमाजीनं विचारलं.

"या योजनेत कायम काहीच नसतं," मॅडम म्हणाल्या, आणि गेल्या.

रखमाजी काकूकडे वळला. "तुम्ही तर कायम म्हणाला होतात."

"गिरणीत ऐकलं होतं."

"सगळं ऐकलं होतं?"

"अर्धं," काकू म्हणाली. "उरलेलं गिरणीनं दळलं."

रखमाजी मॅडम गेल्या त्या रस्त्याकडे बघत राहिला. सोयरीक मोडावी, तर तीनशे रोपं कुणाच्या शेळ्यांनी खाल्ली हे विचारायला गाव मोकळं होतं. शिवाय परक्याच्या जनावराला एवढ्या प्रेमानं चारणारा माणूस त्यानं आजवर पाहिला नव्हता. त्यानं सुपारी फोडली.

लग्नाच्या सकाळी काकू भागवतच्या हातात नवं उपरणं देत म्हणाली, "तो पंचा ठेव आता. माझ्या शहाणपणानं तुझं वाटोळं होता होता राहिलं. जेवढ्या गाठी बांधल्यास तेवढ्या सोड. आज अंगावर एकही गाठ दिसता कामा नये."

"बरं काकू."

अक्षता पडल्या. भटजींनी भागवतच्या उपरण्याला चंद्रकलेच्या शेल्याची गाठ मारली. भागवतनं खाली पाहिलं. आणि भर मांडवात, चारशे माणसांदेखत, शांतपणे ती सोडली.

वाजंत्री थांबली. रखमाजी उठून उभा राहिला. काकूनं पदरात तोंड लपवलं.

चंद्रकलेनं दोन्ही टोकं उचलली, स्वतःच गाठ मारली, वर आणखी एक मारली आणि करकचून ओढली.

"ही माझी गाठ आहे," ती म्हणाली. "हिला हात लावायचा नाही."

"किती दिवस?" भागवतनं विचारलं.

"कायम."

शेजारी बसलेल्या गयाबाईनं सुनेचं तोंड डोळे बारीक करून नीट पाहून घेतलं. काकूनं पदर बाजूला केला. तेव्हा कुठं तिला कळलं, की गिरणीतली बातमी अर्धी तरी खरी होती. भागवतला कायम केलं होतं, फक्त सरकारनं नव्हे.