खांदेधोंड

घाटातल्या या सपाट दगडाला आम्ही खांदेधोंड म्हणतो. जरा जपून टेका, उन्हानं तापलाय. भैरोबाची पालखी दर चैत्रात डोंगर चढते, पण इथं खाली ठेवल्याशिवाय पुढं जात नाही. त्याची गोष्ट अशी सांगतात.

खाली जहागिरदार हैबतरावांची गढी होती. त्या साली त्यांच्या शिकारी घोड्यांनी बारा गावांचं उभं पीक तुडवलं. लोक धुमसत होते, आणि या गृहस्थानं काय काढावं? लाडक्या कुत्रीचं लग्न! नवरा डोंगरापलीकडच्या सरदाराचा कुत्रा. नवरीला शालू नेसवून पडद्याच्या मेण्यात बसवली, शेजारी स्वतः जहागिरदार. सांगताना मला अजून चीड येते.

मेणा वाहणारे भोई वेठीचे, त्यांचा म्होरक्या सुभाना. त्याची लेक शेवंता दोन दिवस बाळंतपणात अडली होती आणि जाणती सुईण घाटापलीकडे. लेकीसाठी मेणा द्या, म्हणून सुभानानं गढीच्या पायरीवर डोकं ठेवलं. "मुहूर्त टळेल," म्हणून जहागिरदार हसले म्हणे.

शेवटी बायकांनीच शेवंताला बाजेवर घालून घाट धरला. या दगडापाशी त्यांचे हात गळाले. मागून वरात आली. इथं भोई नेहमी खांदा बदलायचे, म्हणून मेणा थांबला तरी जहागिरदार पडद्याआड विडा चघळत राहिले. मेणा जमिनीला टेकला, तेव्हा कुठं पडदा सरला.

"उतरा सरकार. आता खांदा माज्या लेकीला."

"एकेकाला सोलून काढीन!"

"सोला. खांदा मिळायचा न्हाई."

बारा भोई उघड्या पाठी वळवून उभे राहिले. शिपायांनी चाबूक उगारले, पण मारले नाहीत. तुडवलेल्या शेतांत त्यांचीही शेतं होती. आधी नवरीच उडी मारून पळाली, मग मुकाट्यानं जहागिरदार उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा घाट पायी चालले, असं सांगतात.

शेवंता वाचली, तिला मुलगी झाली. महिन्याभरात बाराही गावांनी वेठ बंद केली आणि पुढच्या चैत्राआधी गढी पडली.

आजही पालखी इथं टेकली की पुजारी खोऱ्याकडं तोंड करून तीनदा विचारतो, "कुणी अडलंय का?" उत्तर आलं नाही, तरच देव पुढं निघतो. गेल्या चैत्रात खालच्या वाडीतून हाक आली, "हाय! माजी सून हाय!" सगळे तिकडं धावले, पुजारीसुद्धा. मला धावणं होत नाही. दुपार टळेपर्यंत इथं आम्ही दोघंच बसून होतो, देव आणि मी.