निजलेल्या घरची रांगोळी

“मग निजल्या निजल्या घर राखायचं तरी कसं, ते सांगा ना माई.”

गोजरानं हे विचारलं ते भिंतीकडं तोंड करून. रागावली होती. गुरूवर रागवावं एवढी तिची माईशी सलगी होती आणि ती तिनं कष्टानं कमावली होती.

माई उंबऱ्याच्या आत नुकतीच टेकली होती. टेकडीवरच्या लिंबाच्या मठातली ही म्हातारी. तिचं खरं नाव गावात कुणाला ठाऊक नव्हतं आणि तिला स्वतःला तरी आठवत असेल की नाही, देव जाणे. डोळ्यांत पडदा वाढलेला. टेकडी उतरून आल्यामुळं धाप लागलेली.

ती गुडघे चोळत राहिली. 

गोजराचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. लग्न होऊन या गावी आली तेव्हा ती मठात गेली होती. बाकीच्या बायका मंत्र मागत होत्या, म्हणून हिनंही मागितला. माईनं तिच्या हातात केरसुणी दिली. हाच तुझा जप, म्हणाली. दुसरी कुणी असती तर नाक मुरडून घरी गेली असती. गोजरानं तो शब्द पदराला गाठ मारून ठेवला.

तेव्हापासून मठ झाडला, घर झाडलं, अंगण झाडलं. जमीन अशी सारवायची की बोटांचे फराटे सगळे एका अंगाला वळलेले. तिच्या घरात पाय ठेवायला पाहुणे बिचकायचे. गावात बायका म्हणत, गोजराच्या घरी माशीसुद्धा पाय पुसून येते. गोजरा ते ऐकून न ऐकल्यासारखं करी, पण आत गुदगुल्या होत. माईच्या शिष्यांत आपणच पहिल्या, असं तिला वाटायचं. आता वाटायचं तर वाटायचं, त्याला काय करणार.

आणि मग मुदतीचा ताप आला.

वैद्यानं बजावलं होतं, ताप उतरला तरी अंथरूण सोडायचं नाही. हा ताप आतून माणसाला पोखरतो, पाय जमिनीला लावलास तर उलटेल. गोजरा मुकाट्यानं पडून राहिली. नवरा पेज करून घालायचा, भांडी घासायचा, केर काढायचा. भिवा त्याचं नाव. पानमळ्यात राबणारा, कमी बोलणारा माणूस.

एका सकाळी भिवानं दारात रांगोळीसुद्धा काढली.

गोजरानं अंथरुणातून मान उंच करून ती पाहिली. गाईची पावलं काढायला गेला होता. पानवेलीसारखी वाट फुटेल तिकडं रेघ गेलेली... तिला राहवेना. माणसं काय म्हणतील? तो मळ्यात गेल्यावर ती भिंत धरत उठली, ओल्या फडक्यानं ती सगळी पुसून काढली आणि नवी काढायला बसली. अर्धी झाली असेल नसेल, तिथंच उंबऱ्यावर आडवी झाली.

ताप उलटला. या खेपेला असा उलटला की भिवाच्या तोंडचं पाणी पळालं. वैद्यानं नाडी सोडली आणि भिवाला बाहेर नेऊन हळूच सांगितलं, पण गोजराचे कान तिखट. आता ही पुन्हा उठली तर मला बोलवायला येऊ नका, असं तो म्हणाला होता.

तेव्हापासून भिवानं रांगोळीच्या डब्याला हात लावला नाही. केर काढी, शेण फिरवी, पण दार कोरडंच ठेवी. रुसला असेल, असं गोजरानं धरलं. आणि कोरडं दार तिला बघवेना.

कारण रांगोळी नसलेलं दार म्हणजे सुतकाचं दार. ती लहान असताना तिची आई गेली. त्या दिवसाचं रडणं-ओरडणं काही तिच्या ध्यानात नाही. ध्यानात आहे तो नुसता उंबरा, आणि त्याच्यापुढची मोकळी जमीन. आता विहिरीवर बायका भिवाला विचारत होत्या, काय रे बाबा, घरात काही वाईट झालं का? गोजराला भीती वाटायची. खरीखुरी भीती. वाटायचं, मरण रस्त्यानं चाललं असेल, हे दार बघेल आणि म्हणेल, अरे, इथलं तर आटोपलेलंच दिसतंय. आणि आत येईल.

म्हणून तिनं मनाशी ठरवलं होतं. उद्या उठायचं. काय व्हायचं ते होवो. तापाच्या ग्लानीत ते तिच्या तोंडून निसटलं आणि भिवा माईला बोलवायला धावत मठात गेला.

“तुम्हीच केरसुणी दिलीत,” गोजरा भिंतीला म्हणाली. “वैद्य म्हणतो, निजून राहा. मग जप सोडू का?”

माई उठली. दाराआडची केरसुणी चाचपून घेतली.

“तू नीज,” ती म्हणाली. “सांग, कुठं झाडू.”

गोजराच्या जिवाचं पाणी पाणी झालं. गुरूनं आपलं घर झाडायचं, याहून मोठं पाप कोणतं? तिनं नको नको म्हणून पाहिलं. पण माई वाकली होती आणि झाडत होती, तेही भलत्याच दिशेनं. गोजरानं जरा दम धरला. मग तिचं तोंड आपोआप सुटलं.

जात्याखाली पीठ असेल तिथं. उतरंडीमागं हात घाला. नाही, तिकडून नाही, इकडून. कोपरा राहिला माई, तो तुळईखालचा.

गोजरा सांगेल तसं माई करत होती. दिसत नव्हतं तिथं हातानं चाचपत होती. घरात केरसुणीचा सपसप आवाज तेवढा होता. बाहेर ऊन कलायला लागलेलं. गोजराच्या डोळ्यांत ताप भरलेला, त्यामुळं भिंती लांब गेल्यासारख्या वाटत होत्या आणि माई कधी मोठी दिसे, कधी अगदी लहान.

“खांबापाशी ताक सांडलंय, माई.”

माईनं फडकं भिजवून आणलं. खांबापाशी बसून पुसलं.

“अजून आहे.”

माईनं पुन्हा पुसलं.

“जरा अलीकडं... तिथंच तर आहे. पांढरं. दिसत नाही होय तुम्हांला?”

माईनं परत फडकं पिळलं, परत पुसलं. ताक काही जाईना. उलट ते जरासं सरकून गोजराच्या अंथरुणाकडं आलं. गोजरा हैराण झाली. हे कसलं ताक म्हणायचं?

शेवटी माईनं फडकं बाजूला ठेवलं आणि त्या पांढऱ्यावर हात ठेवला, पालथा.

ताक तिच्या हातावर आलं.

गोजरा बघत राहिली... सुरकुतलेल्या हातावर उजेडाचा गोल तुकडा. तिनं नजर वर नेली. छपरातलं एक कौल सरकलं होतं आणि तिथून उन्हाचा कवडसा तिरका उतरला होता. थेट खांबापर्यंत. आणि त्या कवडशात काहीतरी तरंगत होतं, बारीक, सोनेरी, वर जाणारं, खाली येणारं, कुठंच जायची घाई नसलेलं. इतकं सुंदर काही या घरात आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. या वेळेला ती कायम वाकलेली असायची, नाहीतर मागल्या दारी भांडी घासत असायची.

“माई, ते काय आहे वरती?”

“मला दिसत नाही. तू सांग.”

गोजरानं बराच वेळ पाहिलं. मग तिला हसू आलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिनं पुसलं नाही.

“धूळ आहे,” ती म्हणाली.

माई फक्त हुंकारली. मग उठली आणि हातातली केरसुणी भिंतीला टेकवून उभी करून ठेवली.

आता हे मात्र अति झालं. घरोघरी पोरीबाळींनासुद्धा शिकवलेलं असतं ते या म्हातारीला कळू नये? गोजरा कोपरावर उठायला बघत होती.

“माई, उभी नका ठेवू. लक्ष्मी आहे ती.”

“मग कशी ठेवू?”

“आडवी.”

“आडवी?” माई म्हणाली. “लक्ष्मीला?”

“काम झालं की आडवीच ठेवायची असते. उभी राहिली तर घराचं वाईट होतं.”

माईनं केरसुणी उचलली. दाराआड नेली नाही. हळूहळू अंथरुणापाशी आली आणि गोजराच्या शेजारी तिच्या अंगाला लागून ती निजवली. पांघरुणाचं टोक दोघींवर सारखं केलं.

गोजराचं कोपर आपसूक ढिलं पडलं. डोकं उशीला लागलं.

...

तिला झोप लागली. झोपेत घर जागचं सुटलं. खालची जमीन तळ्यासारखी झाली आणि घर त्यावर हलके हलके निघालं, जातं, उतरंड, चूल सगळ्यांसकट. काही सांडलं नाही. कौलातून सोनेरी धूळ उतरत होती आणि उंबऱ्यावर तिची आई बसली होती, पाठमोरी. चिमटीत ती धूळ धरून पाण्यावर रेघा ओढत होती. रेघा वाहून जात होत्या आणि ती पुन्हा ओढत होती. गोजरा म्हणाली, आई, मी काढू का? आई मागं न बघता म्हणाली, तू नीज. आवाज माईचा होता.

जाग आली तेव्हा कवडसा भिंतीवरून चढून निघून गेला होता. घरात दिवेलागणीचा धूसर उजेड. केरसुणी कुशीत. दाराबाहेर कुणीतरी दबक्या आवाजात बोलत होतं.

माई भिवाला रांगोळी काढायला सांगत होती आणि भिवा नको म्हणत होता. गोजरानं कान दिला. आता हा आपल्या नावानं खडे फोडणार, पुसली म्हणून सांगणार, असं तिला वाटलं. पुसली होती खरी.

“रांगोळी पुसली त्याचं काही नाही, माई,” भिवा म्हणाला. “वाकडीच होती ती. पण मी काढली की ती नीट करायला उठंल. कोरडं दार बघून माणसं काय म्हणायचं ते म्हणोत. ती उठू नये, बास.”

मग नाक ओढल्याचा आवाज आला.

गोजरा आढ्याकडं बघत पडून राहिली. एवढे दिवस ते कोरडं दार तिला सुतकाचं वाटत होतं. आणि हा माणूस ते कोरडं ठेवून तिला धरून बसला होता. लोकांची बोलणी खात, रुसला म्हणवून घेत. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याच्यावर फार माया आली.

“अहो,” तिनं हाक मारली. आवाज फुटेना, म्हणून पुन्हा मारली. “अहो, काढा तुम्ही. मी निजलेय.”

बाहेर मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

मान न उचलता उंबऱ्यापलीकडचं दिसत नव्हतं, पण गोजराला दिसायची गरजच नव्हती. चिमटीतून पीठ सुटताना होणारा तो बारीक आवाज तिच्या ओळखीचा होता. भिवा फार दाबून सोडत होता. रेघ जाड होत होती. मध्येच थांबला, पुन्हा त्याच रेघेवरून गेला. आता ती डावीकडं कलणार... कललीच.

गोजराचा एक पाय पांघरुणाबाहेर आला. टाच जमिनीला लागली. सारवलेली जमीन, थंडगार. हात टेकला की उठता येईल, चार पावलांवर तर दार. हाताला केरसुणी लागली. निजलेली.

बराच वेळ तो पाय तसाच होता.

मग तिनं तो वर ओढून पांघरुणात घेतला.

बाहेर भिवाचं झालं असावं.  माई उंबऱ्यावर बसून खाली वाकलेली दिसत होती. तिला डोळ्यांनी कुठलं कळायला. ती एका बोटानं, रेघ मोडणार नाही अशा बेतानं, ती रांगोळी चाचपून बघत होती.

“माई,” गोजरानं अंथरुणातून विचारलं, “सरळ आहे का हो?”

माईचं बोट रेघेच्या टोकापर्यंत गेलं आणि तिथं थांबलं...

“नाही,” ती म्हणाली. “जिती आहे.”