पोवळीचा पान्हा

ही हकिकत तुम्हाला खरी वाटायची नाही, भाविकहो. माझी मलाच तीनदा सांगावी लागली, तेव्हा कुठे पटली!

कोंडाजीमहाराज तेव्हा शेंदूरबारीत मारुतीच्या पारावर मुक्कामाला होते. पाराशेजारीच ठकूबाई नावाची विधवा राहायची. तिची एकच गाय, पोवळी. वसुबारस उजाडली. त्या दिवशी आपण मोठी माणसं दूध वर्ज्य करतो. सगळं दूध वासराचं. ठकूबाईने पोवळीला ओवाळलं, बाजरीची भाकरी भरवली आणि वासरू मोकळं सोडलं.

वाटेने हैबतराव इनामदार चालले होते. खो खो हसत म्हणाले, "ठके, जनावराच्या पाया पडतेस? अशा चाळीस आहेत माझ्या गोठ्यात. वासरं दाव्याला बांधायची आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिळायचं!"

ठकूबाई ओवाळणीचं ताट घेऊन आत वळली. महाराज मात्र म्हणाले, "पीळ, इनामदारा. देतील तोवर घे."

सांजेला इनामदारांची सून तापाने फणफणली, अंगावरचं दूध आटलं. आठ दिवसांची नात भुकेने रडून रडून निळी पडली. गडी चरव्या घेऊन गोठ्यात धावले, तर चाळीसच्या चाळीस गायींनी पान्हा चोरलेला! एक थेंब निघेना. हैबतराव बाळाला छातीशी धरून अनवाणी पारावर आले. "महाराज, पोर जाते हो!"

"माझ्याकडे कुठलं दूध? आज ते त्या वासराचं आहे. त्याला विचार."

चाळीस गायींचा धनी वासरापुढे गुडघ्यांवर बसला. हात जोडले. "दादा, घोटभर माझ्या नातीला दे रे."

आणि काय सांगू! वासराने आचळ सोडलं, दोन पावलं मागे सरलं. पोवळीने मान वळवून बाळाला हुंगलं आणि हात लागायच्या आत धारा सुटल्या! ठकूबाईने वाटी धरली, बोंडल्याने बाळाला पाजलं. बाळाच्या गालांवर लाली आली.

महाराज म्हणाले, "जी दुसऱ्याच्या लेकरासाठी पान्हा सोडते, तिला आई नाही तर काय म्हणायचं?"

हैबतरावांनी पागोटं उतरवून पोवळीच्या खुरांशी ठेवलं. मग "ठकूताई, चुकलो" म्हणत तिच्यापुढेही वाकले.

पण धार थांबते कुठली! घागरी भरल्या, हंडे भरले, मारुतीचा आड काठोकाठ पांढरा झाला! तिथल्या तिथे गावजेवण बसलं. मी स्वतः त्या पंगतीत सात वाट्या खीर ओरपली, अजून जिभेवर...

"तात्या!" वाती वळता वळता रखमाकाकू ओरडल्या. "वसुबारसेला खीर? दूध वर्ज्य म्हणून मघाशी तुम्हीच सांगितलंत की!"