उद्याच्या बातम्या आणि पाण्याचा प्रोग्राम

राजेसाहेबांनी पाण्याचा प्रोग्राम पुन्हा मोडायचा ठरवला आणि नसीमताई मुल्लांचा जीव टांगणीला लागला.

प्रोग्राम तसा साधाच. सोनवडीत कुठल्या गल्लीला किती वाजता नळ येणार, ते लोकांच्या फोनवर कळवायचं, बस. गावातल्या हौशी प्रोग्रामरांच्या मंडळाने तो लिहिला होता आणि सांभाळायचं काम नसीमताईंकडे होतं. ताईंची पिठाची गिरणी. दळण लावून दिलं की त्या बाजूच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसत. मंडळाला बसायला हॉल मात्र राजेसाहेबांचा आणि सर्व्हरही त्यांच्याच खर्चाने चाले. संस्थान जाऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. हुकूम सोडायची सवय तेवढी गेली नव्हती.

त्यात त्यांना एक नाद. सकाळी चहाच्या आधी तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचायच्या आणि संध्याकाळी मंडळात येऊन त्या अमलात आणायच्या. मागे असंच प्रोग्रामिंगच्या एका नव्या भाषेबद्दल वाचून त्यांनी अख्खा प्रोग्राम त्या भाषेत करून घेतला. प्रोग्राम फार देखणा झाला. फक्त मोमीन गल्लीला पाणी येऊन गेल्यावर निरोप जायला लागले आणि बायका रिकाम्या घागरी घेऊन गिरणीवर आल्या. तो ताळ्यावर आणता आणता ताईंच्या नाकी नऊ आले. राजेसाहेबांना त्याची झळ लागली नाही. त्यांच्या अंगणात बोअर होती.

शनिवारच्या बैठकीत ते म्हणाले, "मंडळी, आपण वापरतो ती भाषा मेली. आज सकाळीच वाचलं."

"मेलीच," उपळेकर म्हणाला. बँकेतल्या या उपळेकराचं प्रत्येक भाषेबद्दल ठाम मत असे. त्याने लिहिलेला प्रोग्राम मात्र अजून कोणी पाहिला नव्हता.

"मेली, तर मग आजचे निरोप कुणी पाठवले?" नसीमताईंनी विचारलं.

"ताई, जग कुठे चाललंय ते गिरणीत बसून नाही कळायचं," राजेसाहेब म्हणाले. "बातम्या वाचत जा जरा."

"वाचते की. रोज त्याच तर असतात. आजच्या वाचल्या की उद्याच्या वाचायला नकोत."

हॉलमध्ये कुणी हसलं आणि राजेसाहेबांच्या ते वर्मी लागलं. "असं? मग उद्याच्या बातम्या आजच सांगा. सगळ्या खऱ्या ठरल्या, तर पाण्याच्या प्रोग्रामला मी बोट लावणार नाही. पण एक जरी खोटी निघाली, तर तो नव्या भाषेत नव्याने लिहायचा. आणि लिहायचा तुम्ही."

ताईंच्या तोंडातून शब्द गेला होता. आता माघार घेतली तर मोमीन गल्लीला कुठल्या तोंडाने भेटणार? त्यांनी पदर खोचला आणि फळ्याजवळ बसलेल्या उपळेकराला खडू घ्यायला सांगितलं.

"लिहा. उद्या कुठली तरी भाषा मेल्याची बातमी येईल. कुणीतरी चांगला चालणारा प्रोग्राम नव्या भाषेत पुन्हा लिहून काढेल आणि तो आता वेगाने पळतो म्हणून सांगेल. त्याच्याखाली लोक भांडतील, पण त्या प्रोग्रामवरून नव्हे. ओळ सुरू करताना स्पेस द्यायच्या की टॅब, यावरून."

उपळेकराचा हात अडखळला. तो स्वतः टॅबवाला होता.

"आणि शेवटची," ताई म्हणाल्या, "उद्या राजेसाहेब पाण्याचा प्रोग्राम नव्याने लिहायला सांगतील."

राजेसाहेब मिशीतल्या मिशीत हसले. ही बातमी खरी करायची की खोटी, ते तर त्यांच्याच हातात होतं.

रविवारी ताईंना कशातच गोडी वाटेना. गिरणी सुरू करण्याआधी त्यांनी फोन उघडला. एक भाषा मेली होती. तीच, जी गेल्या वर्षीही मेली होती. परदेशातल्या कुणा पठ्ठ्याने उत्तम चालणारं घड्याळ नव्या भाषेत पुन्हा लिहिलं होतं आणि ते आता वेगाने चालतं म्हणे. खाली स्पेसवाले आणि टॅबवाले एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत होते. ताईंना जरा हायसं वाटलं. पण शेवटची बातमी बाकी होती आणि राजेसाहेब काही दूधखुळे नव्हते.

दिवसभर राजेसाहेबांनी प्रोग्राम हा शब्दच तोंडातून काढला नाही. दुपारी नव्या भाषेच्या तारिफेचा एक लांबलचक लेख वाचून त्यांचा जीव कासावीस झाला, तरी ते गप्प राहिले. संध्याकाळी हॉल भरला तेव्हा ते ऐटीत उठले.

"ताई, तीन बातम्या खऱ्या. मानलं तुम्हाला. पण चौथी? सकाळपासून मी असं काही बोललेलो नाही. ती खोटी ठरली. हरलात तुम्ही."

"हरले," ताई शांतपणे म्हणाल्या. "मग आता मी काय करायचं ते सांगा."

"सांगायचं काय त्यात? ठरलंय ते. पाण्याचा प्रोग्राम नव्याने लिहा, नव्या भाषेत, आजपासून!"

"झालं तर मग. चौथीही खरी ठरली."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. राजेसाहेबांनी फळ्याकडे पाहिलं, मग ताईंकडे, मग पुन्हा फळ्याकडे.

"अहो, पण ते मी तुम्ही हरलात म्हणून सांगितलं."

"का सांगाल, ते मी लिहायला सांगितलं नव्हतं. सांगाल, एवढंच म्हटलं होतं."

"मग मी माझे शब्द मागे घेतो."

"खुशाल घ्या. हुकूम मागे घेतलात की प्रोग्राम आहे तसाच राहतो. गावाला तरी दुसरं काय हवंय?"

उपळेकर काहीतरी मत देणार होता. पण कुठल्या बाजूने द्यावं ते त्याला ठरवता येईना, म्हणून तो फळा पुसायला लागला.

राजेसाहेबांनी मिशीला पीळ दिला. मग त्यांच्या पोटातून हसू उसळलं आणि ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "आमच्या आजोबांनी असल्या माणसाला जहागीर दिली असती. माझ्याकडे आता जहागीर उरली नाही. तुम्हीच सांगा, काय देऊ? नवा लॅपटॉप देऊ?"

"नको. लॅपटॉप माझा बरा चालतोय."

"मग काय पाहिजे?"

"सर्व्हरचा तुमचा पासवर्ड," ताई म्हणाल्या. "मला द्या आणि तुम्ही विसरून जा."

राजेसाहेबांचं हसू आणखीच वाढलं. हसता हसताच त्यांनी जवळचा लॅपटॉप पुढे ओढला आणि भर बैठकीत सर्व्हरचा सगळा कारभार नसीमताईंच्या नावावर करून दिला.