उंबरजाईचा अर्धा तांब्या

बसायचं असेल तर खिंडीत बसा मंडळी, इथं नको. ऊन डोक्यावर आलं आणि अजून निम्मा डोंगर बाकी आहे. आणि तांब्या सांभाळा. नदीतून भरून घेतलाय तो, वर उंबरजाईला घालायचा. पण या देवीला अर्धाच तांब्या पाणी चालतं. भरलेला नेलात तर गुरव परत खिंडीत धाडतो.

का, ते सांगतो. चालता चालता ऐका.

फार मागं खालच्या गावात सगुणा म्हणून एक बाई होती. तिचा नवरा हैबती बैल घेऊन मीठ आणायला कोकणात उतरला, तो दोन पावसाळे परतलाच नाही. लोक म्हणाले, कुंकू पूस. सगुणानं उलट नवस बोलला. उगवतीला नदीवर तांब्या भरायचा आणि मावळायच्या आत देवीला घालायचा. वाटेत टेकायचं नाही, थेंब सांडायचा नाही, मागं वळायचं नाही.

मागं न वळण्याचं कारण होतं. या रानात चकवा आहे, तो घरच्या माणसाचा आवाज काढून हाक मारतो, असं तेव्हा सगळेच मानत. नवसाचं माणूस वळलं की नवस मोडला.

बाई निघाली. पाय भाजत होते, जिवाला थारा नव्हता. नेमकी वरच्या खिंडीत मागून हाक आली, म्हणे.

"सगुणे! थांब की गं! पाणी..."

आवाज हुबेहूब हैबतीचा. तीच ओढ, तोच खोकला. जितका तो आवाज खरा वाटला, तितकी तिची खात्री पटली की हा चकवाच. तिनं पदर दातांत धरला आणि पावलं उचलली. तीन हाका आल्या म्हणतात. तिसरी फार बारीक होती.

दिवस कलता कलता ती वर पोचली. सबंध तांब्या देवीवर रिता केला आणि कौल लावला. लगेच उजवं फूल पडलं.

गुरव हरखला. "बाई, कौल उजवा हाय. तुजा मानूस आलाय!"

"कुटं?"

"ते द्येवी न्हाई सांगत. वाटंत कोन भेटलं का?"

तिच्या हातातला तांब्या तिनं सोडला नाही. तसाच रिकामा घेऊन ती उतारावरून पळत सुटली.

हैबती खिंडीतल्या एका दगडाला पाठ लावून बसला होता, तोंड वरच्या वाटेकडे. तापानं नुसता सापळा उरलेला. कुणी सांगतात, तेव्हा धुगधुगी होती. माझी आजी म्हणायची, नव्हती. मला आजीचं खरं वाटतं.

सगुणा पुढं त्याच खिंडीत राहिली. रोज नदीवरून पाणी आणायची आणि वाटेवर कुणीही हाक मारो, कुणालाही मारो, "ओ, थांबले!" म्हणून तांब्या घेऊन धावायची.

आली खिंड. टेका आता. आजही इथं प्रत्येकजण मागं वळतो, "ओ, थांबलो!" म्हणतो आणि मागून येणाऱ्याला अर्धा तांब्या पाजतो. मागं कुणी नसलं तर हैबतीच्या या दगडावर ओततो. उरलेलं देवीला. तिनं आजवर कधी पुरा मागितला नाही.

वळा मंडळी. मोठ्यानं म्हणा, त्याला ऐकू जायला हवं.