उलटा टांगलेला शास्त्रज्ञ

“चूक ती चूकच ना, दादा? की जुनी झाली म्हणून तिला हार घालायचा?”

शाल्मली तावातावाने भिंतीकडे बोट दाखवत होती. तिथे दादांचं लाडकं चित्र होतं. दीडशे वर्षांपूर्वी लंडनच्या एका साप्ताहिकात छापलेलं. एक दाढीवाला शास्त्रज्ञ भल्यामोठ्या शंखावर घोड्यासारखी मांड ठोकून बसलाय आणि वाकून, भिंग लावून त्याच शंखाकडे बघतोय.

दादा शिराळकर म्हणजे मिरजेतले म्हातारे, सुपाएवढ्या कानांचे व्यंगचित्रकार. शाल्मली त्यांची शिष्या. प्राणिशास्त्रात पहिली आलेली, आणि ते दोन मिनिटांत समोरच्याला कळेल अशी व्यवस्था करणारी.

आज तिचं डोकं फिरलं होतं. दिवाळी अंकाचा माणूस पाच वाजता चित्राचं पाकीट न्यायला येणार होता. दादांच्या पसंतीशिवाय संपादक नवख्याचं चित्र घेत नसत. तिने काढलेलं विभागप्रमुखांचं व्यंगचित्र दादांनी तिसऱ्यांदा बाजूला ठेवलं होतं. कारण? काही नाही. नुसतं गप्प बसायचं. या पिढीला तेवढं छान जमतं!

“शेंडा वर धरला की शंखाचं तोंड उजवीकडे येतं,” ती म्हणाली. “यात डावीकडे आहे. लाखात एखादा निघतो असा. माझ्या चित्रात सरांच्या हातातला शंख बघा, एक वेढा चुकलेला नाही.”

दादा उठले. तसबीर खिळ्यावरून काढली, उलटी केली आणि तशीच परत टांगली.

“आम्ही देवपूजेत शेंडा खाली धरून बघतो. आता तोंड कुठे?”

“...उजवीकडे.”

“दक्षिणावर्ती. नशीबवानाच्या घरी असतो म्हणतात.”

“अहो, पण शास्त्रज्ञ उलटा झाला!”

“त्याची काही तक्रार आहे का, बघ.”

शाल्मलीने पाहिलं. पाय वर, डोकं खाली, कोटाची शेपटं हवेत... आणि गडी अजून भिंग लावून शंखातच बुडालेला. तिला खुदकन हसू फुटलं. मग ते आवरेचना.

दादांनी तिचं चित्र उचललं.

“हे कुठे बघतायत?”

“आमचे सर? माझ्याकडे. रागाने.”

“शंखाकडे कधी बघतात?”

“म्हणजे काय! नवीन शंख मिळाला की डबा खायचं विसरतात...”

तिची नजर आपल्या चित्राकडे गेली.

“यात तो डबा कुठे आहे?” दादांनी विचारलं.

...

साडेचार वाजले होते.

शाल्मलीने चित्र फाडलं नाही, पण पालथं घातलं. कोरा कागद ओढला. आणि समोर पाहिलं तर दादा त्या उलट्या शास्त्रज्ञाशी नजर भिडवायला स्वतःच कमरेत वाकून, मान खाली घालून उभे. धोतराचा सोगा चपलेखाली अडकलेला, चष्मा कपाळावर घसरलेला.

“दादा, हलू नका!”

“अगं, पाठ...”

“पाठीचं नंतर बघू!”

बोरू सरसर चालला. वीस मिनिटांत चित्र झालं. तिने ते थोडं धास्तावूनच पुढे केलं. गुरूची अशी दशा करायला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

दादांनी चित्र निरखलं. पोट हलेपर्यंत हसले. स्वतःच्या हाताने ते पाकिटात घातलं.

बाहेर सायकलची घंटी वाजली.

दादा दारापर्यंत गेले, थबकले... आणि परत आले. पाकिटातून चित्र काढून तिच्यापुढे ठेवलं, वर बोरू ठेवला.

“आता काय चुकलं?”

“कान लहान काढलेस,” दादा म्हणाले. “मान राखू नकोस गं, कान राख.”